बाळ वळतं कसं, आणि त्याला जागा कशी द्यायची

घट्ट बांगडी हातात चढवताना आपण काय करतो? अंगठा तळहातात दुमडतो, बोटं एकमेकांना चिकटवतो, हात जरा तिरका धरतो आणि बांगडी फिरवत फिरवत पुढे सरकवतो. बांगडीचं माप तेच असतं, हाताचंही तेच. तरीही ताठ पंजावर जी बांगडी अंगठ्यापाशीच अडते, तीच हात नीट दुमडला की मनगटावर जाऊन बसते. बाळंतपणात बाळाचं डोकं आणि आईच्या कमरेच्या हाडांचा घेर यांच्यात बरंचसं असंच घडतं. इथे हात स्वतःहून वळतो आणि बांगडीही थोडीशी ताणली जाते, एवढाच फरक.

हे चित्र डोळ्यांसमोर असलं की शेवटच्या महिन्यांत कानावर पडणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. ‘डोकं खाली आलंय पण अजून फिक्स नाही’ (म्हणजे कमरेच्या घेरात शिरून बसलेलं नाही), ‘बाळाची पाठ मागे आहे’, ‘बाळ पायाळू आहे’. तपासणी करणाऱ्याच्या तोंडून यातलं एखादं वाक्य ओझरतं निसटतं, आणि घरी आल्यावर ती बाई रात्रभर त्याच वाक्याभोवती फिरत राहते. मग कुणी सांगतं सोफ्यावर टेकून बसू नकोस, कुणी सांगतं फरशी पुस, कुणी सांगतं डाव्या कुशीशिवाय झोपायचंच नाही. यातलं काय खरं, काय अर्धवट खरं आणि काय नुसतं मनाला ओझं, ते नीट उलगडून सांगावं म्हणून हा लेख.

तीन वेगळे प्रश्न

‘बाळाची पोझिशन कशी आहे?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न लपलेले असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला, बाळ उभं आहे की आडवं? म्हणजे बाळाचा कणा आईच्या कण्याला समांतर आहे का. दुसरा, उभं असेल तर खाली काय आहे, डोकं की कुल्ला? कुल्ला किंवा पाय खाली असले की आपण बाळाला पायाळू म्हणतो. तिसरा, डोकं खाली असेल तर बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे: आईच्या पोटाकडे, कुशीकडे की पाठीकडे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शेवटच्या आठवड्यांत बाळंतपणाचा बेतच बदलू शकतात. तिसऱ्याचं तसं नाही. ते उत्तर तासातासाला बदलू शकतं आणि प्रत्यक्ष कळा सुरू असताना तर बदलतंच. घरोघरी सगळ्यात जास्त काळजी मात्र याच तिसऱ्या प्रश्नाची केली जाते.

वाट कशी आहे

कमरेच्या हाडांचा हा घेर, म्हणजे डॉक्टरी भाषेतला पेल्विस, सरळ नळीसारखा नसतो. आत शिरण्याचं तोंड आडवं रुंद असतं: पाठ्यपुस्तकी मापाने डावीकडून उजवीकडे सुमारे १३ सेंटिमीटर आणि पुढून मागे ११. बाहेर पडण्याचं तोंड बरोबर उलटं असतं: आडवं ११ आणि पुढून मागे १३. मधला भाग जवळजवळ गोल. म्हणजे जे आत शिरणार त्याने आडवं शिरायचं आणि बाहेर पडताना उभं व्हायचं. वाटेत वळल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता डोकं. बाळाचं डोकंही गोल चेंडूसारखं नसतं, लांबट असतं. बाळाने हनुवटी छातीला टेकवून मान पूर्ण वाकवली, तर वाटेसमोर येतो तो डोक्याचा मागचा भाग आणि त्याचं माप असतं सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. मान सरळ ठेवली, समोर बघणाऱ्या माणसासारखी, तर तेच माप साडेअकरापर्यंत जातं. मान मागे जाऊन कपाळ पुढे आलं तर साडेतेरा. त्याच बाळाचं, तेच डोकं! दुमडलेला अंगठा आणि ताठ अंगठा यांतला फरक तो हाच. माझ्या मते बाळाच्या स्थितीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: पाठ पुढे की मागे यापेक्षा हनुवटी किती वाकलेली आहे याला जास्त महत्त्व आहे. दुर्दैवाने याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

वळण घडवून आणतो कोण? पेल्विसच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ही झोळी सपाट नसून दोन्ही बाजूंनी मध्याकडे आणि मागून पुढे उतरती असते, पन्हळीसारखी. कळेच्या जोराने डोकं खाली दाबलं जातं, आणि त्याचा जो भाग या झोळीला आधी टेकतो तो पुढच्या बाजूला ढकलला जातो. मान वाकलेली असेल तर आधी टेकतो डोक्याचा मागचा भाग. तो पुढे वळतो, पुढच्या हाडाच्या कमानीखाली येतो आणि मग बाळ मान वर उचलत बाहेर येतं, तोंड आईच्या पाठीकडे करून. मान नीट वाकलेली नसेल तर कधी कपाळाकडचा भागच आधी टेकतो आणि पुढे ढकलला जातो. मग बाळ चुकीच्या दिशेने वळतं किंवा मध्येच थबकतं. डोकं बाहेर आल्यावर ते पुन्हा बाजूला वळतं, कारण आता मागून येणाऱ्या खांद्यांनाही त्याच वाटेने जायचं असतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते वळणं एखाद्या क्षणाचं वाटतं; पण त्यामागे वळत वळत केलेला तासांचा प्रवास असतो.

पाठ मागे असली म्हणजे नेमकं काय

कळा सुरू होताना साधारण पाचांत एका, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त बाळांची पाठ आईच्या पाठीकडे असते. जन्माच्या वेळी मात्र अशी बाळं उरतात ५ ते ८ टक्के. म्हणजे बहुतेक जण वाटेत वळतात. ज्याची पाठ आधीच पुढे किंवा कुशीकडे आहे त्याला थोडंसंच वळावं लागतं, तर पाठ मागे असलेल्या बाळाला पुढे यायला सुमारे १३५ अंशांचा फेरा मारावा लागतो. फेरा मोठा, म्हणून वेळही जास्त. पहिला टप्पा, म्हणजे कळांनी गर्भपिशवीचं तोंड उघडण्याचा काळ, लांबतो, काही जणींना कळ ओसरल्यावरही कंबर दुखतच राहते, आणि पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधीच खाली जोर द्यावासा वाटू शकतो. बाळाला बाहेर घ्यायला चिमटे (फोर्सेप्स), व्हॅक्यूम किंवा सिझेरियन लागण्याची शक्यताही वाढते. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ‘शक्यता वाढते’ म्हणजे ‘तसंच होणार’ असं नव्हे.

अशी स्थिती का होते? वार गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीवर असली तर असं जरा जास्त दिसतं. पेल्विसचा आकारही प्रत्येकीचा वेगळा असतो. काही जणींचा पुढून मागे लांबट असतो आणि त्यात बाळाला असंच बसणं सोयीचं पडतं. अशा आईचं बाळ कधी कधी तोंड वर करूनच, विनासायास जन्मतं. बाळ ज्या घरात राहतं त्या घराचा आकार त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो, असं मला हे वाचताना नेहमी वाटतं.

घरच्या घरी अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. पाठ पुढे असेल तर पोटाच्या एका बाजूला लांब, गुळगुळीत, घट्ट भाग लागतो आणि लाथा दुसऱ्या बाजूला, बरगड्यांखाली जाणवतात. पाठ मागे असेल तर बेंबीभोवती पोट थोडं सपाट किंवा खोलगट दिसतं आणि पोटावर पुढेच हातापायांची चुळबुळ जाणवते. तपासणारे डॉक्टर किंवा सुईण पोटावर चार पायऱ्यांनी हात ठेवून हेच शोधत असतात; १९व्या शतकातल्या ख्रिश्चन गेरहार्ड लिओपोल्ड या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ही पद्धत आजही शिकवली जाते. कळांच्या वेळी आतून तपासताना बोटांना बाळाची टाळू लागते. मागची टाळू छोटी, तिकोनी. पुढची मोठी, पतंगाच्या आकाराची. पुढची टाळू सहज हाताला लागली तर समजायचं की हनुवटी पुरती वाकलेली नाही. पण डोक्यावर सूज आली की हा अंदाजही चुकतो. नेमकं कळणं गरजेचं असेल तेव्हा पोटावरून केलेली सोनोग्राफी बोटांपेक्षा कितीतरी भरवशाची ठरते.

शेवटच्या आठवड्यांत काय करावं

पुढे वाकून बसा, गुडघे कमरेपेक्षा खाली ठेवा, मागे रेलू नका, हातागुडघ्यांवर या. हे सल्ले १९९०च्या दशकात न्यूझीलंडमधल्या सुईण जीन सटन आणि प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या पॉलीन स्कॉट यांच्यामुळे जगभर पोचले. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. बाळाची पाठ हा त्याचा जड भाग, आई पुढे झुकली की तो गुरुत्वाकर्षणाने पुढे येईल. दोघींच्या हेतूबद्दल मला आदर आहे. बायकांना निमूट पलंगावर पडून राहू नका, हे शरीर तुमचं आहे आणि तुम्ही त्यात काही करू शकता, असं त्यांनी सांगितलं.

पण पटण्यासारखा विचार आणि खरा ठरलेला विचार यांत अंतर असतं. २००४मध्ये ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २५०० हून जास्त गर्भवतींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एका गटाने ३७व्या आठवड्यापासून कळा सुरू होईपर्यंत रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं हातागुडघ्यांवर येऊन कंबर हलवण्याचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने केला नाही. जन्माच्या वेळी बाळाची पाठ मागे असण्याचं प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८.१ टक्के आणि न करणाऱ्यांत ७.८ टक्के निघालं. म्हणजे फरक नाहीच.

माझ्या एका मैत्रिणीला हा आकडा वेळेवर माहीत असता तर फार बरं झालं असतं. ३६व्या आठवड्यात तिला ‘पाठ मागे आहे’ असं सांगितलं गेलं आणि तिने सोफ्यावर बसणं सोडलं. दुखऱ्या गुडघ्यांवर सकाळ-संध्याकाळ ती ओणवी व्हायची. रात्री उताणी झोपले की काय म्हणून दचकून जागी व्हायची. प्रत्येक तपासणीत पाठ मागेच. शेवटी रडत म्हणाली, मीच काहीतरी कमी करतेय. तिचं बाळ वळलं ते कळा सुरू झाल्यानंतर कितीतरी तासांनी, जोर द्यायच्या जरा आधी. ती काही कमी करत नव्हती. बाळ वळायची वेळच आली नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा. पुढे झुकून, चेंडूवर बसून, ओणवं होऊन तुमच्या कमरेला आराम मिळत असेल तर जरूर करा. बऱ्याच जणींना मिळतो, कारण पोटाचा भार काही वेळ कण्यावरून उतरतो. चाला, कंबर गोल फिरवा, उंच आसनावर बसा म्हणजे उठायलाही सोपं जाईल. पण हे सगळं स्वतःच्या सुखासाठी करा. बाळाला वळवण्याची जबाबदारी म्हणून करू नका. सोफ्यावर मागे रेलून तासभर डोळे मिटलेत म्हणून बाळ उलटं वळत नाही. डोकं खाली पाय वर करण्याचे प्रकारही बरेच सुचवले जातात. रक्तदाब वाढलेला असेल, रक्तस्राव झाला असेल, वार खाली असेल तर ते घरी करू नयेत, आणि एरवीही आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

झोपेबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे आणि तिचा बाळाच्या पाठीशी संबंध नाही. २८व्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपावं. उताणं झोपल्यावर गर्भपिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, आणि उताणं झोपण्याचा संबंध पोटातच बाळ दगावण्याच्या वाढलेल्या धोक्याशी आढळला आहे. डावी कूस असो की उजवी, दोन्ही चालतात. रात्री जाग आली आणि उताण्या आहात असं दिसलं तर घाबरायचं नाही, फक्त कूस बदलायची. झोप लागतानाची स्थिती महत्त्वाची, कारण त्या स्थितीत आपण सर्वात जास्त वेळ राहतो.

आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली किंवा तिची पद्धत बदलली, तर ‘वळलं असेल’ म्हणून स्वतःची समजूत घालू नका. त्याच दिवशी दाखवा.

पायाळू आणि आडवं

इथे थोडं वेगळं आहे. २८व्या आठवड्याला साधारण पाचांत एक बाळ पायाळू असतं आणि त्यात काळजीचं काही नाही, आत जागा भरपूर असते. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवर येतं. ३६ आठवड्यांनंतरही कुल्ला खाली असेल तर बाहेरून हाताने बाळ वळवण्याचा पर्याय असतो. पोटावर दोन्ही हात ठेवून, सोनोग्राफीवर लक्ष ठेवत, अनुभवी डॉक्टर बाळाला हळूहळू कोलांटी मारायला लावतात. गर्भपिशवी सैल पडावी म्हणून बहुतेकदा आधी औषध देतात. सुमारे निम्म्या वेळा हे जमतं. आधी बाळंतपण झालेल्यांत जास्त, पहिलटकरणींत कमी. त्रास होतो, पण काही मिनिटांचा. लगेच सिझेरियन करावं लागण्याची वेळ साधारण २०० मध्ये एखादीवर येते, म्हणूनच हे रुग्णालयातच करायचं असतं. तेलाने चोळून किंवा पोट दाबून घरी कुणालाही बाळ वळवू देऊ नका. वार सुटण्याचा धोका खरा आहे.

बाळ आडवं असेल आणि पाणी गेलं, तर बाळाच्या आधी नाळ खाली घसरू शकते. तेव्हा कळांची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठायचं. यात ‘बघू थोडा वेळ’ला जागाच नाही.

कळा सुरू झाल्यावर

आता खरा भाग. आईने काही करून फरक पडतो तो इथे, कारण आता कळा बाळाला ढकलत असतात, स्नायूंची झोळी वळण देत असते आणि आपण फक्त जागा करून द्यायची असते.

पलंगावर उताणं पडून राहणं ही सगळ्यात वाईट निवड. कमरेखालचं त्रिकोणी हाड आणि माकडहाड गादीवर दाबली जातात, आणि बाहेरच्या तोंडाला मिळू शकणारी थोडीशी जागाही कमी होते. उभं राहणं, चालणं, बसणं, गुडघ्यांवर येणं यांत ही हाडं मोकळी राहतात. गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसल्यावर खालचा घेर काही मिलिमीटरने वाढतो, हे एमआरआयवर मोजलं गेलं आहे. काही मिलिमीटर ऐकायला कमी वाटतात. घट्ट बांगडी चढवलेल्या कुणालाही विचारा.

२०१३मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिल्या टप्प्यात उभ्याने राहणाऱ्या, हालचाल करणाऱ्या स्त्रियांचा तो टप्पा आडव्या पडलेल्यांपेक्षा सरासरी एक तास बावीस मिनिटांनी कमी भरला. सिझेरियनचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींतही, गुंतागुंत नसेल तर कळांच्या काळात स्त्रीला हिंडू-फिरू द्यावं, उभ्या स्थितीत राहायला प्रोत्साहन द्यावं आणि जन्म देताना कोणत्या स्थितीत राहायचं हे तिला ठरवू द्यावं, असं म्हटलं आहे.

कंबर फार दुखत असेल तर हातागुडघ्यांवर या. गर्भारपणी या व्यायामाने बाळ वळलं नाही, पण कळांमध्ये याच स्थितीने कंबरदुखी कमी होते असं दिसलं आहे. वळो न वळो, दुखणं कमी होणं हाच मोठा लाभ. हात दमले की पलंगाचा डोक्याकडचा भाग उंच करून त्यावर छाती टेकवा किंवा मोठ्या चेंडूला मिठी मारा. सोबतच्या माणसाला इथे खरं काम आहे. कळ येताच तळहाताची टाच तुमच्या कमरेखाली, त्या त्रिकोणी हाडावर ठेवायची आणि एकसारखा जोर द्यायचा. चोळायचं नाही, दाबून धरायचं. किती जोरात, ते तुम्ही सांगायचं. बहुतेकींना सोबतच्याच्या कल्पनेपेक्षा बराच जास्त जोर हवा असतो.

बाळ तिरपं अडकल्यासारखं वाटत असेल तर शरीराच्या दोन्ही बाजू एकसारख्या न ठेवता करून पाहता येतं: एक पाय खुर्चीवर ठेवून त्या बाजूला झुलणं, जिना आडव्या पावलांनी चढणं, एक गुडघा टेकून दुसरा पाय उभा ठेवणं. एका बाजूला काही कळा, मग दुसऱ्या बाजूला काही. यात नियम नाही. शरीराला जे बरं वाटतं त्याच्या मागे जायचं. लघवी दर दोन तासांनी करून यायची, मूत्राशय भरलेलं असलं की तेच डोक्याच्या वाटेत येतं.

आणि दमलात तर झोपा. उभं राहण्याचा आग्रह स्वतःवर लादू नका. कुशीवर, वरच्या गुडघ्याखाली जाड उशी किंवा शेंगदाण्याच्या आकाराचा चेंडू घेऊन पडलं तरी कमरेची हाडं मोकळी राहतात. अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलायची. लांबलेल्या बाळंतपणात विश्रांती हीसुद्धा बाळाला दिलेली जागाच आहे, कारण थकलेल्या शरीराच्या कळा मंदावतात आणि मग बाळ वळवायला मागून जोरच उरत नाही.

एपिड्युरलबद्दल, म्हणजे कळांच्या वेदना कमी करायला पाठीच्या कण्यापाशी दिल्या जाणाऱ्या औषधाबद्दल, प्रामाणिकपणे सांगायचं तर, ते घेतलेल्या स्त्रियांमध्ये बाळ पाठ मागे ठेवून जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसतं. २००५च्या एका अमेरिकन अभ्यासात ते १२.९ टक्के विरुद्ध ३.३ टक्के होतं. शेवटी तशी जन्मलेली बरीच बाळं सुरुवातीला तशी नव्हतीही. तळाचे स्नायू सैल पडतात म्हणून असं होतं, की लांबणाऱ्या, अवघड बाळंतपणात एपिड्युरल जास्त मागितलं जातं म्हणून, यावर मतभेद आहेत. यावरून कुणी तुम्हाला एपिड्युरल नाकारू नये, आणि तुम्हीही असह्य वेदना शिक्षा म्हणून सोसू नये. घेतलंत तर कुशी बदलत राहा. ब्रिटनमध्ये एपिड्युरल घेतलेल्या ३२३६ पहिलटकरणींवरचा एक अभ्यास २०१७मध्ये आला. त्यात जोर देण्याच्या टप्प्यात कुशीवर राहणाऱ्यांपैकी ४१.१ टक्के स्त्रियांचं बाळंतपण उपकरणांविना झालं, तर उभ्या-बसत्या राहणाऱ्यांपैकी ३५.२ टक्के स्त्रियांचं. एपिड्युरल नसताना उभं राहणं चांगलं, असताना कूस चांगली. एकच नियम सगळ्यांना लावणारे सल्ले म्हणूनच मला खटकतात.

घड्याळाबद्दलही एक शब्द. पिशवीचं तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना मापदंड बऱ्याच स्त्रियांना लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आता पाच सेंटिमीटरपासून पहिल्या टप्प्याचा वेगवान भाग धरते आणि केवळ या एका निकषावर घाईने हस्तक्षेप करू नये म्हणते. बाळाचे ठोके चांगले असतील, आई ठीक असेल, तर मोठा फेरा मारणाऱ्या बाळाला वेळ मिळायला हवा. ‘आत्ता बाळाची पाठ कुठे आहे, आणि थांबायला हरकत आहे का?’ हा प्रश्न तुम्ही किंवा तुमच्या सोबतच्या माणसाने निःसंकोच विचारावा.

तरीही नाही वळलं तर

काही बाळं नाहीच वळत. त्यातली काही तोंड वर करून सरळ जन्मतात. काहींना डॉक्टर किंवा सुईण पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर आतून हाताने, कळेबरोबर, अलगद वळवतात. काहींना व्हॅक्यूम किंवा चिमट्यांची मदत लागते आणि काहींना सिझेरियनची. यातल्या कुठल्याही वाटेने बाळ आलं तरी त्यात आईने चुकीचं बसल्याचा, कमी चालल्याचा किंवा वेदनाशामक मागितल्याचा पुरावा शोधू नये.

बाळ हातात आल्यावर एक गोष्ट बघा. कवटीची हाडं अजून एकमेकांना जोडलेली नसतात. वाटेत ती एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोकं लांबट, कधी एका बाजूला कललेलं दिसतं. पाठ पुढे असलेल्या बाळाचं डोकं मागच्या बाजूला निमुळतं होतं, पाठ मागे असलेल्याचं वेगळ्याच आकाराचं. कुठून, कसं वळत आलो हे त्या डोक्यावर लिहिलेलं असतं. काही दिवसांत हाडं जागच्या जागी येतात आणि ते पुसलं जातं, म्हणून टोपी घालायच्या आधी एकदा हलकेच हात फिरवून बघून घ्या.